‘क्लॅप’चं ‘कलॅप’ का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: एका आईची मुलगी सव्वासहा वर्षांची आहे. इंग्रजीतले ‘लॅप’, ‘सिट’, ‘हेन’ असे तीन अक्षरी शब्द ती फोनिक्सच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराचा आवाज काढून ते जोडायच्या पद्धतीनं न अडखळता वाचते. पण ‘क्लॅप’ समोर आला की कधी ‘कलॅप’ म्हणते, कधी सरळ ‘कॅप’. ‘स्टॉप’चं ‘सटॉप’ होतं, ‘हँड’चं ‘हॅड’. शाळेनं ब्लेंड्सची, म्हणजे ‘सी-एल’, ‘एस-टी’ अशा जोड्यांची एक लांबलचक यादी पाठ करायला दिली आहे. तीन आठवडे रोज पाठांतर चालू आहे. यादी आता तोंडपाठ आहे, शब्द मात्र जिथल्या तिथे. मराठी वाचनही नुकतंच सुरू झालंय. आई विचारते, चुकतंय कुठे?

यादी तोंडपाठ झाली म्हणजे मुलीची स्मरणशक्ती ठणठणीत आहे आणि तुमची चिकाटीही. फक्त जे काम स्मरणशक्तीचं नाहीच, ते तिच्या गळ्यात मारलं गेलंय. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. ब्लेंडपाशी अडलेली मुलं दरवर्षी असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं घोडं डोळ्यांपाशी अडलेलं नसतं, कानापाशी अडलेलं असतं.

एक खुलासा आधीच करते. पुढे अक्षराचं नाव सांगायचं असेल तिथे मी ‘एल’ लिहीन आणि त्याचा आवाज सांगायचा असेल तिथे पाय मोडून ‘ल्’ लिहीन. ही नुसती लिहिण्याची सोय नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या मोडलेल्या पायात आहे.

ब्लेंड म्हणजे दोन किंवा तीन व्यंजनं लागोपाठ येणं, मधे स्वर नसणं, आणि तरीही प्रत्येकाचा आवाज शाबूत राहणं. ‘क्लॅप’मध्ये क् आहे, ल् आहे, ॲ आहे, प् आहे. चारही आवाज तुमच्या मुलीला येतात. म्हणजे ‘सी-एल’ ही काही शिकायची नवी गोष्ट नव्हे. इंग्लंडच्या शिक्षण खात्यानं २००७ साली ‘लेटर्स अँड साउंड्स’ नावाचा फोनिक्सचा कार्यक्रम काढला होता. त्याचे सहा टप्पे होते आणि चौथा टप्पा पूर्णपणे या लागोपाठच्या व्यंजनांना दिला होता. त्या टप्प्यात मुलांना एकही नवा अक्षर-आवाज शिकवायचा नव्हता. जे येतं तेच तीनाऐवजी चार आवाजांच्या शब्दांत वापरायचं, चार ते सहा आठवडे, बस. मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते. ‘सी-एल म्हणजे क्ल, बी-एल म्हणजे ब्ल’ असा पाढा केला की मूल ‘क्ल’ नावाची नवीनच वस्तू शिकतं, आणि शब्द वाचताना ती वस्तू सापडेपर्यंत दम संपतो.

आता ‘कलॅप’कडे येते.

मराठी मूल ‘क’ शिकतं तेव्हा तो ‘क्’ नसतो, ‘क्’ आणि ‘अ’ मिळून झालेला ‘क’ असतो. बाराखडीची सगळी इमारत त्या ‘अ’वर उभी आहे. मराठीसाठी ते योग्यच. पण मूल फोनिक्स शिकायला बसतं तेव्हा घरची माणसं आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शिक्षिकाही ‘सी’चा आवाज ‘क’ सांगतात, ‘एल’चा ‘ल’ सांगतात. तीन अक्षरी शब्दांत हा ‘अ’ खपून जातो. ‘क-ॲ-ट’ पटकन म्हटलं की ‘कॅट’ ऐकू येतं, कारण ‘क’मधला ‘अ’ पुढच्या ‘ॲ’मध्ये विरघळतो. ‘क-ल-ॲ-प’मध्ये मात्र ‘क’च्या पुढे स्वर नाही, ‘ल’ आहे. ‘अ’ला विरघळायला जागाच नाही. तो तिथेच ठाण मांडून बसतो आणि ‘कलॅप’ होतं. मुलीनं तिला शिकवलेलं अगदी इमानदारीत वाचलंय.

शिवाय ही खोड आपल्या भाषेची जुनीच आहे. दोन व्यंजनांच्या मधे स्वर घुसवायचा आणि जीभ मोकळी करायची, याला व्याकरणात स्वरभक्ती म्हणतात. ‘जन्म’चं ‘जनम’, ‘धर्म’चं ‘धरम’, ‘रत्न’चं ‘रतन’, ‘प्रसाद’चं ‘परसाद’. कित्येक पिढ्यांनी जे केलं तेच तुमची मुलगी ‘क्लॅप’च्या बाबतीत करतेय. रागवायचं कारण नाही, आणि लाजायचं तर मुळीच नाही.

उपाय आवाज साफ करण्याचा आहे, आणि तो आधी तुम्हाला करावा लागेल, मग मुलीला. क्, ट्, प् हे आवाज कुजबुजून म्हणून बघा. गळ्यावर बोट ठेवा, कंप जाणवता कामा नये. कंप जाणवला की समजायचं, ‘अ’ चिकटला. स्, फ्, म्, न्, ल्, र् हे तर ताणून म्हणता येतात: स्स्स्स्, म्म्म्म्. तिथे ‘अ’ची गरजच नाही. ब्, ड्, ग् हे तीन जरा हट्टी आहेत. त्यांच्यामागे किंचित स्वर येतोच, तो टाळायच्या नादात जीव काढू नका, फक्त तोडून टाका, लांबवू नका. आठवडाभर वाचन बाजूला ठेवून आवाज साफ करायला दिलात तरी वेळ वाया गेला असं होत नाही. मुलीला मराठीत पायमोडकी अक्षरं दाखवायची हीच वेळ आहे. ‘क’चा पाय मोडला की तो एकटा उभा राहू शकत नाही, पुढच्याचा हात धरतो, असं सांगितलं की मुलांना लगेच कळतं. एका मुलानं मला विचारलं होतं, मग इंग्रजीतल्या सगळ्या अक्षरांचे पाय मोडलेलेच असतात का? त्यापेक्षा नेमकी व्याख्या मला अजून जमलेली नाही.

‘कॅप’ ही चूक दिसायला ‘कलॅप’सारखी, पण जातीनं वेगळी. इथे स्वर घुसलेला नाही, ‘ल्’ गळालाय. रिबेका ट्रायमन या अमेरिकन संशोधिकेनं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या वाचन-लेखनावर खूप काम केलं आहे. शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं आली तर लहान मुलं लिहिताना नेमकं दुसरं गाळतात, हे त्यांनी दाखवलं. निष्काळजीपणानं नाही. मुलाच्या कानाला सुरुवातीची ती जोडी एक अखंड आवाज वाटते आणि त्या आवाजाला ते पहिलं अक्षर देऊन टाकतं. म्हणजे तुमच्या मुलीला ‘ल्’ दिसत नाही असं नाही. ‘क्ल’च्या आत ‘ल्’ असा सुटा राहतो, हे तिच्या कानाला अजून उमगलेलं नाही.

आणि जे कानाला उमगलेलं नाही ते कागदावर दाखवून फारसा उपयोग होत नाही. म्हणून मी अशा मुलाचं पुस्तक मिटते आणि मराठीत खेळते. तेही तोंडी, एकही अक्षर न लिहिता.

‘प्राणी’ म्हण. आता त्यातला ‘प्’ काढून टाक. काय उरलं? राणी. आता परत ‘प्राणी’ म्हण आणि ‘र्’ काढ. पाणी! मुलांचे डोळे इथे चमकतात, कारण एका शब्दाच्या पोटात दोन शब्द निघाले. ‘द्वार’मधून ‘वार’ आणि ‘दार’ निघतात. ‘प्याला’मधून ‘याला’ आणि ‘पाला’. ‘स्तर’मधून ‘तर’ आणि ‘सर’. (‘स्मरण’ मात्र घेऊ नका. मी एकदा घाईत घेतला, पुढे काय निघालं ते तुम्हीच बघा.) पहिलं व्यंजन काढणं मुलांना आधी जमतं, दुसरं काढायला वेळ लागतो. दुसरं काढता येऊ लागलं की समजा काम फत्ते. ती जोडी आता तिच्या कानाला फुटली आहे.

मग हाच खेळ इंग्रजीत. ‘क्लॅप’मधून ‘लॅप’ काढा आणि ‘कॅप’ काढा. गंमत बघा, ती आजवर जे चुकून वाचत होती, तेच आता खेळात मुद्दाम काढून दाखवतेय. ‘ट्रिप’मधून ‘रिप’ आणि ‘टिप’, ‘स्लिप’मधून ‘लिप’ आणि ‘सिप’, ‘प्लॉट’मधून ‘लॉट’ आणि ‘पॉट’, ‘ब्रॅग’मधून ‘रॅग’ आणि ‘बॅग’, ‘ट्रॅप’मधून ‘रॅप’ आणि ‘टॅप’. शब्दांचे अर्थ सगळे माहीत असलेच पाहिजेत असं नाही. आणि ज्यांचे अर्थ माहीत आहेत असे ब्लेंडचे शब्द तर मराठी घरात पडीक आहेत: क्लास, ट्रक, ब्रश, ड्रेस, फ्रॉक, प्लेट, स्टूल, स्कूटर, ग्लास. यातले सगळे शब्द तुमची मुलगी बोलताना बहुधा व्यवस्थित म्हणते. ‘टरक’ म्हणत नाही. जीभ तयार आहे, हे तिलाही सांगा. पोरांना वाटत असतं की आपल्याला हे म्हणताच येत नाही.

कानाचं काम सुरू झालं की चौकोन काढायचे. दानिल एल्कोनिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाची ही कल्पना, आज जगभर प्राथमिक वर्गांत वापरली जाते. कागदावर ओळीनं चार चौकोन आखा, बाजूला चार बटणं ठेवा. तुम्ही ‘स्लिप’ म्हणायचं, मुलीनं प्रत्येक आवाजाला एक बटण चौकोनात सरकवायचं: स्, ल्, इ, प्. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं तीनच बटणं सरकवतात आणि चौथा चौकोन रिकामा बघून गोंधळतात. तो रिकामा चौकोन बोलतो, तुम्ही गप्प बसा. ‘नीट ऐक’ म्हणू नका. शब्द पुन्हा सावकाश ताणून म्हणा आणि थांबा. चारही बटणं जागेवर बसली की बटणांच्या जागी अक्षरं लिहायची. अक्षरं या क्रमानं आली की लेखन आणि वाचन एकाच वेळी सुटतं. खरं तर ब्लेंडच्या बाबतीत मी वाचायला लावण्याआधी लिहायला लावते. वाचताना मूल अंदाजानं निभावून नेतं, लिहिताना गळालेला ‘एल’ पांढऱ्यावर काळा दिसतो.

आता वाचायचं कसं? सुट्टे सुट्टे आवाज ‘क्. ल्. ॲ. प्.’ असे तोडून म्हणत गेलं, तर शेवटापर्यंत पोचता पोचता पहिला विसरला जातो. चार आवाज डोक्यात धरून ठेवणं सहा वर्षांच्या मुलाला जड जातं. त्यापेक्षा आवाज न थांबवता एकातून दुसऱ्यात घसरत जायचं. २०२१ मध्ये सेलेनिड गोन्झालेझ-फ्राय आणि लिनिया एरी यांनी लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात असं सलग जोडून म्हणणं तोडून म्हणण्यापेक्षा परिणामकारक ठरलं. त्यांनी तीन आवाजांचे शब्द वापरले होते, पण चार आवाजांना मला ते आणखीच लागू पडताना दिसतं. म्हणूनच सुरुवात ताणता येणाऱ्या जोड्यांनी करायची: ‘स्ल’, ‘फ्ल’, ‘स्न’, ‘स्म’. ‘स्स्स्ल्ल्लिप’ असं म्हणताना मधे ‘अ’ शिरायला फटच राहत नाही. मग ‘स्ट’, ‘स्प’, ‘स्क’, ‘स्व’. मग ‘क्ल’, ‘प्ल’, ‘ब्ल’, ‘ग्ल’, आणि शेवटी ‘र’वाल्या. क्, प्, ब् यांना ताणता येत नाही, तिथे दुसरी युक्ती: बोटानं पहिलं अक्षर झाका. उरलेलं वाच: ‘लॅप’. आता ‘क्’ म्हणायला तोंड तयार ठेव, आवाज काढू नको, आणि बोट उचललं की एकदम उडी मार. ‘क्लॅप’. तोंड तयार ठेवून उडी मारायची हे मुलांना आवडतं, आणि ‘अ’ला आत यायला वेळ मिळत नाही.

इंग्रजी फोनिक्सची बरीच साधनं शब्द ‘क्ल’ आणि ‘ॲप’ असा फोडतात, म्हणजे स्वराआधीचं एकीकडे आणि स्वरापासून पुढचं दुसरीकडे. इंग्रजी मुलांना ते सोपं जातही असेल, त्यांची बडबडगीतं शेवटच्या यमकावर चालतात. पण बाराखडीत रुळलेल्या मुलाला व्यंजन आणि त्याचा स्वर एकत्र धरायची सवय असते. त्याला ‘क्लॅ’ आणि ‘प’ अशी फोड जास्त जवळची वाटते, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ‘क्लॅ’ हे त्याच्या दृष्टीनं एक जोडाक्षरच, त्याला मात्रा लागली आहे इतकंच. तुमच्या मुलीला बोट झाकण्याची युक्ती जमली नाही तर हे करून बघा: ‘क्लॅ’ आधी म्हणवून घ्या, मग ‘प्’ जोडा. ‘ट्रि’, ‘ट्रिप’. ‘स्टॉ’, ‘स्टॉप’. मराठी वाचन सोबत चालू आहे ही अडचण नव्हे, हे तर आयतं भांडवल आहे. एकच फरक तिला दाखवून द्यायचा: मराठीत ‘प’ आणि ‘र’ जोडले की चित्रच बदलतं, ‘प्र’ होतो, त्यामुळे डोळ्यांना आपोआप कळतं की मधे ‘अ’ नाही. इंग्रजीत ‘पी’ आणि ‘आर’ शेजारी शेजारी नुसते उभे असतात, जोडल्याची खूण कुठेच नाही. तिथे जोडणं तोंडानं करायचं.

शेवटच्या ब्लेंडचा, म्हणजे ‘हँड’, ‘जंप’, ‘टेस्ट’, ‘बेल्ट’ यांचा हिशेब वेगळा आहे. मी मघाशी सांगितलेल्या इंग्लंडच्या कार्यक्रमात हेच शब्द आधी घेतले होते. तर्क असा की ‘टेन’ वाचता येतो, शेवटी ‘ट्’ लावला की ‘टेंट’ झाला. इथे मी त्यांच्यापासून फारकत घेते. मराठी मुलाला शब्दाच्या सुरुवातीची जोडव्यंजनं घरची असतात, प्राणी, स्वर, क्रम वगैरे. शेवटी मात्र दोन भानगडी एकदम येतात.

पहिली भानगड पुन्हा त्या ‘अ’ची. मराठीत शेवटी जोडाक्षर आलं की त्याच्या मागचा ‘अ’ आपण उच्चारतो. ‘मस्त’, ‘रक्त’, ‘वर्ग’ मोठ्यानं म्हणून बघा, शेवटी ‘अ’ स्पष्ट ऐकू येईल. ‘मत’ किंवा ‘वर’ म्हणताना तो येत नाही. त्याच सवयीनं मूल ‘टेस्ट’च्या शेवटी ‘ट’ पूर्ण म्हणतं. हे चालवून घ्या. वाचन त्यानं अडत नाही, ऐकत ऐकत सुधारतं.

दुसरी भानगड खरी आहे: अनुस्वार. तुमच्या मुलीचं ‘हॅड’ तिथून आलंय. ‘हँड’, ‘पंप’, ‘बँक’ हे शब्द आपण लिहितो तेव्हा मधलं अनुनासिक व्यंजन अक्षर म्हणून ओळीत उभं राहत नाही, डोक्यावरचा ठिपका होऊन बसतं. मूल तो आवाज स्वराचाच रंग समजतं. इंग्रजीत मात्र त्याला ‘एन’ किंवा ‘एम’ असं स्वतंत्र अक्षर लागतं. आणि हे फक्त आपल्याच मुलांचं दुखणं नाही. चार्ल्स रीड या भाषाशास्त्रज्ञानं १९७१ साली अमेरिकेतल्या, अजून शाळेत जायला न लागलेल्या, स्वतःच्या मनानं स्पेलिंग करणाऱ्या मुलांचं लेखन तपासलं, तेव्हा तीही पुढे व्यंजन असलं की मधला ‘एन’ आणि ‘एम’ गाळत होती. त्यांना तर अनुस्वार माहीतही नव्हता. हा आवाज त्या जागी फार आखूड होतो आणि स्वराच्या नाकात शिरतो, हे मूळ कारण. (त्याच मुलांतली काही ‘ट्रक’ लिहिताना सुरुवातीला ‘सी-एच-आर’ लिहीत, कारण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘ट्र’ हा ‘च्र’च्या जवळ जातो. आपला ‘ट’ पक्का असल्यानं आपली मुलं या एका खड्ड्यातून वाचतात.)

यावर माझा उपाय साधा आहे. नाक चिमटीत धरायचं आणि ‘हँड’ म्हणायचं. नंतर ‘हॅड’ म्हणायचं. पहिल्यात काहीतरी नाकात अडकतं, दुसऱ्यात अडकत नाही. जे अडकलं त्याला एक बटण आणि एक चौकोन. मग प्रश्न येतो, तो ‘एन’ की ‘एम’? ओठ मिटले का बघायचं. ‘जंप’, ‘लँप’, ‘पंप’ म्हणताना ओठ मिटतात, म्हणून ‘एम’. ‘हँड’, ‘टेंट’मध्ये जीभ वर टेकते, म्हणून ‘एन’. ‘बँक’, ‘पिंक’मध्ये आवाज घशाजवळ जातो, तिथेही लिहायचा ‘एन’च. ज्यांना शाळेतला परसवर्णाचा नियम आठवत असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘पंप’मधला अनुस्वार म् आहे, ‘अंत’मधला न् आहे, ‘अंक’मधला ङ् आहे. पुढचं व्यंजन ज्या वर्गातलं, त्या वर्गाचं अनुनासिक. इंग्रजीचं तोंडही तसंच वळतं, लिहिण्याची तऱ्हा तेवढी निराळी.

आता त्या यादीबद्दल. तुम्ही ती पूर्ण लिहिली नाहीये, पण अशा याद्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि त्यांत हमखास एक घोटाळा असतो. ‘बी-एल’, ‘एस-टी’च्या रांगेत ‘एस-एच’, ‘सी-एच’, ‘टी-एच’, ‘सी-के’ही घुसवलेले असतात. हे ब्लेंड नाहीत, डायग्राफ आहेत. अक्षरं दोन, आवाज एक. ‘श्’ फोडून त्यातून ‘स्’ आणि ‘ह्’ निघत नाहीत. हे मात्र खरोखर नवं शिकावं लागतं, पाठ करावं लागतं. ज्याला पाठांतर लागतं ते आणि ज्याला लागत नाही ते एकाच यादीत आलं की मूल दोन्हीला एकच नियम लावतं, आणि ‘शिप’ला ‘स्हिप’ म्हणायला लागतं. यादीतून ते आधी बाजूला काढा. चौकोनांत डायग्राफला एकच चौकोन मिळतो, त्यात दोन अक्षरं दाटीवाटीनं बसतात. ‘के-एन’ आणि ‘डब्ल्यू-आर’सुद्धा कुठे दिसले तर काढा, तिथे एक अक्षर मुकं असतं. उलट ‘एक्स’ हे एकटं अक्षर दोन आवाज काढतं, क् आणि स्. ‘बॉक्स’ला अक्षरं तीन, चौकोन चार. तुमची मुलगी ‘बॉक्स’ वाचत असेल तर ती कधीपासूनच ब्लेंड वाचतेय. ‘कॅट्स’ आणि ‘हॅट्स’ वाचत असेल तरीही.

तीन व्यंजनांचे ‘स्प्र’, ‘स्ट्र’, ‘स्क्र’, ‘स्प्ल’ इतक्यात आणू नका. दोनची सवय झाली की ते बिनबोभाट येतात.

रोज दहा मिनिटं पुरेत. दोन-तीन मिनिटं तोंडी खेळ, मग चौकोनांत तीन-चार शब्द, मग पाच-सहा शब्द वाचायला, त्यात दोन साधे तीन अक्षरी मुद्दाम मिसळलेले. नाही तर मूल प्रत्येक शब्दात ब्लेंड आहेच असं धरून चालतं आणि ‘कॅप’लाही ‘क्लॅप’ म्हणतं. आठवड्यातून एकदा निरर्थक शब्द द्या: ‘स्नॅब’, ‘फ्लॉम’, ‘ड्रेप’च्या ऐवजी ‘ड्रेब’. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची एक फोनिक्स चाचणी होते, त्यात चाळीस शब्दांपैकी वीस असे बनावट असतात आणि शेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळावं की हे त्या प्राण्याचं नाव आहे. हेतू हा की पाठ केलेला शब्द कोणता आणि खरोखर वाचलेला कोणता, हे वेगळं व्हावं. तुम्हीही मुलीला प्राणी काढायला सांगा आणि नाव तुम्ही द्या. नंतर तीच नावं ठेवायला लागते, आणि तिनं ठेवलेली नावं तुम्हाला वाचावी लागतात. वाचताना तुम्ही मुद्दाम एखादं चुका. ‘स्नॅब’ला ‘सनॅब’ म्हणा. तिनं तुम्हाला पकडलं तर निम्मी लढाई जिंकली.

चुकल्यावर लगेच बरोबर शब्द सांगून टाकू नका. ‘कॅप’ म्हणाली तर फक्त ‘एल’वर बोट ठेवा. ‘कलॅप’ म्हणाली तर म्हणा, मधे कोण घुसलं? दोन चुकांना दोन वेगळ्या खुणा. आणि ती ‘क्लास’ म्हणाली तर तो वाचनाचा प्रश्नच नाही, ती पहिली दोन अक्षरं बघून ओळखीचा शब्द ठोकतेय. तिथे शब्दाचा शेवट आधी वाचायला लावा.

यानं फरक पडायला साधारण महिना-दीड महिना लागतो. एका गोष्टीकडे मात्र आत्ताच लक्ष द्या. ती बोलताना ‘प्राणी’ला ‘पाणी’ आणि ‘ट्रक’ला ‘टक’ म्हणते का? तीन-चार वर्षांच्या मुलांत हे सर्रास असतं आणि पाचाच्या आसपास बहुतेकांचं आपोआप जातं. सव्वासहाव्या वर्षीही बोलण्यात व्यंजनं गळत असतील तर वाचनाचा सराव तिथेच थांबवा आणि आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्टला दाखवा. सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं मूल बोललेलं सगळं ऐकतं असं आपल्याला वाटतं, पण स्, फ्, ट् यांसारखे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतातच असं नाही. बोलणं स्वच्छ असेल आणि तरी दोन-तीन महिन्यांच्या रोजच्या सरावानंतर ‘प्राणी’तून ‘पाणी’ निघत नसेल, तर वाचन-अक्षमतेची चाचणी करून घ्यायला हरकत नाही. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही. तीन अक्षरी शब्द न अडखळता वाचणारी मुलगी आहे.

आणि ती यादी शाळेला परत करायची नसेल, तर कात्री घ्या. ‘सी’ आणि ‘एल’च्या मधून कापा, ‘एस’ आणि ‘टी’च्या मधून कापा. ‘एस-एच’, ‘सी-एच’ मात्र अखंड ठेवा. चौकोनांत मांडायला लागणारी सगळी अक्षरं त्यातून निघतील, स्वर तेवढे वेगळे लिहून घ्या.